ऊन, ढग आणि नाखवाची होडी

मालाडच्या बाजारात एके काळी माझ्याइतके फोटो कुणी काढले नसतील. त्यातले आले किती, ते मात्र विचारू नका.

अंकवाले म्हणाले, "बाळूकाका, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." मी म्हटलं, अहो, मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, आणि चौथीतसुद्धा वर्गात कमी, बाहेर अंगठे धरून जास्त. तर ते म्हणाले, बोलता तसं लिहा. तसंच लिहितोय. कंटाळा आला तर पुढच्या पानावर पाककृती असतील, तिकडे जा.

बाजाराच्या तोंडाशी एका बिल्डिंगच्या जिन्याखाली माझी जागा होती. ताठ उभं राहिलो की डोकं पायरीला आपटायचं. म्हणून सगळा धंदा मी वाकून केला आणि लोक म्हणायचे, काय नम्र माणूस आहे! तिथे मी कॅमेरे भाड्याने द्यायचो. आजच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात. पण ऐंशीच्या त्या सालांत घरोघरी कॅमेरा कुठे होता? बारसं असो, पिकनिक असो, गावचा पाहुणा असो, माणसं यायची, डबा घेऊन जायची, दुसऱ्या दिवशी आणून द्यायची. मग त्यातला रोल मी धुवून फोटो करून द्यायचो.

डबा म्हणजे खरंच डबा. काळं प्लास्टिक, पुढे प्लास्टिकचीच काच, हातात घेतला तर आत काही आहे की नाही अशी शंका यावी. बटण दाबलं की टिचकी मारल्यासारखा आवाज व्हायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "झालं?" मी म्हणायचो, "झालं." काय झालं ते रोल धुतल्यावर देवाच्या कृपेने कळायचं.

मला हा कॅमेरा आवडला त्याचं खरं कारण सांगतो. मोठ्या स्टुडिओवाल्यांच्या कॅमेऱ्यावर आकडेच आकडे आणि इंग्रजी. माझ्या डब्यावर एक दांडी होती. दांडीच्या एका बाजूला सूर्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला ढगाचं. वर बघायचं आणि दांडी सरकवायची. वाचायला एक अक्षर नाही. कुणीतरी खास माझ्यासाठीच बनवलाय असं वाटायचं.

पण खोडी फार. पाठीमागचं झाकण सैल. जरा धक्का लागला की फट पडायची आणि फटीतून ऊन आत. मग फोटोत आजोबांच्या डोक्यातून पांढरा धूर निघाल्यासारखा दिसायचा. म्हणून मी झाकणाला चारी बाजूंनी काळी पट्टी चिकटवून द्यायचो आणि बजावायचो की पट्टी काढू नका. बोरिवलीचे एक मास्तर सगळ्या कुटुंबाला घेऊन आरे कॉलनीत पिकनिकला गेले. पहिला फोटो काढल्यावर पट्टी सोडून, झाकण उघडून, भर उन्हात आत बघितलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणतात, "बाळू, तुझा कॅमेरा खराब आहे. आत काहीच आलेलं नव्हतं. मी स्वतः तपासलं."

दुसरी खोड म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी वर आणि काच खाली. जवळून फोटो काढला की वरची मुंडकी उडायची. एका बारशाला मीच गेलो होतो. पाळणा छान आला, बाळ छान आलं, पाळण्याभोवतीच्या बायका सगळ्या गळ्यापासून खाली. त्या घरात थोरली आत्या बारशाला आली होती की रुसून घरी बसली होती, यावर वाद होता. माझा फोटो पुरावा म्हणून बाहेर काढला. शेवटी साडीच्या काठावरून ओळख पटवायला शेजारीण बोलवावी लागली.

कॅमेरा न्यायचा तर अनामत म्हणून काहीतरी ठेवून जायचं, अशी बाजारातली रीत. कुणी घड्याळ ठेवायचं, कुणी ट्रान्झिस्टर. एकाने तर प्रेशर कुकरचं नुसतं झाकण आणून ठेवलं. म्हणाला, "झाकणाशिवाय कुकर काय कामाचा? मी परत येणारच ना!" पटलं मला. संध्याकाळी त्याची बायको आली आणि माझ्या नावाने जे काही बोलली ते सगळ्या बाजाराने ऐकलं. घरी पाहुणे, डाळ अर्धी कच्ची. मी झाकण देऊन टाकलं. वर माझ्या जेवणाच्या डब्यातल्या दोन भाकऱ्यापण दिल्या.

आणि तिसरी खोड, जिच्यासाठी हे एवढं दळण दळलं. चांगल्या कॅमेऱ्यात एक फोटो काढला की चक्री फिरवून रोल पुढे नेल्याशिवाय दुसरा निघतच नाही. बटण अडतं. माझ्या डब्याला ही अक्कल नव्हती. चक्री फिरवायला विसरलात तर तो पुन्हा टिचकी मारायचा, त्याच जागेवर, पहिल्या फोटोच्या डोक्यावर दुसरा. मी सगळ्या गिऱ्हाइकांना बोटं नाचवून शिकवायचो, "टिचकी, मग चक्री! टिचकी, मग चक्री!" विसरलो फक्त मी.

माझ्या जिन्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे मथुरामावशी मासे विकायला बसायची. मढच्या कोळीवाड्यातली. रोज बसने पाटी घेऊन यायची. तिचा नवरा धर्मा नाखवा, स्वतःच्या शिडाच्या होडीवर मासेमारी करायचा. तिचा आवाज असा की ती पापलेटचा भाव सांगायची तेव्हा माझ्याकडची निगेटिव्हं हलायची. मला ती बालू म्हणायची. तिच्या तोंडात ळ बसायचा नाही, आणि माझ्या अंगात काही बसत नाही असं तिचं मत होतं.

एकदा पावसाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ती रस्ता ओलांडून आली. असं ती कधी करायची नाही. काम असलं की बसल्या जागेवरून ओरडायची.

"बालू, तुझा तो डबा घेवन येशील आमचेकरं?"

"कशाला मावशी? लग्न आहे कुणाचं?"

"मयत हाय," ती म्हणाली. मी चटकन हात जोडले. मग म्हणते, "होरी तोडनार हायेत."

तिने सांगितलं ते असं. नाखवा आणि त्याचे भाऊ मिळून नवीन मशीनची होडी घेत होते. नारळी पुनवेला ती पाण्यात जाणार. जुनी शिडाची होडी वाळूवर ओढून ठेवलेली, तिची लाकडं विकायची ठरलेली. तोडणारा माणूस सोमवारी येणार.

"लगीन होवन आली तवापासनं मी तिचाच म्हावरा इकते," मावशी म्हणाली. "पोरं झाली ती तिच्यावर, वाढली ती तिच्यावर. पन तिच्यात पाय नाय ठेवला कवा."

"का?"

"सासऱ्याचा शबुद. त्याच्या होरीवर बाईनं पाय नाय ठेवायचा. शेजारच्यांच्या बायका चढतात पुनवेला, नारल फोडतात. आमच्यात नाय. सासरा मेला, पन शबुद हाय." ती माझ्या टेबलावरचा डबा हातात घेऊन उलटसुलट करत होती. माशाचा वास आजही त्या डब्याला असेल. "मना एकदा तिच्यात उभं ऱ्हायचं हाय. एकच फोटू. सोमवारी ती जाईल. मंग कशात उभी ऱ्हाऊ?"

मी छाती पुढे काढली. डोकं पायरीवर आपटलं. तरी म्हटलं, "मावशी, तू काळजीच करू नको. नाखवाला मी पटवतो. माझ्यासमोर भलेभले हसून हो म्हणतात."

"तू नको पटवू," ती म्हणाली. "तू निसता ये."

शनिवारी गेलो. ऊन पडलं होतं, बऱ्याच दिवसांनी. डब्यात एका बारशाचा बारा फोटोंचा रोल होता, त्यातले शेवटचे दोन फोटो शिल्लक होते. म्हटलं, दोन पुरे. एकाचंच तर काम आहे.

मावशीला मी आधी ओळखलंच नाही. बाजारात ती कायम खवल्यांनी भरलेली. इथे नवं पोपटी लुगडं नेसून, केसांत अबोलीची वेणी घालून दारात उभी. मला बघून उगाच पदर नीट केला. मग मला कळलं की आपण काय कबूल करून बसलोय.

होडी वाळूवर होती. डांबर फासलेली काळीकुट्ट. शीड काढलेलं, काठी तेवढी उभी. नाखवा आतच उभा होता, हात काठीवर ठेवून. बारीक, उंच, बोलायला कमी.

मी सुरू झालो. "नाखवा, काय होडी आहे! पण एक सांगू? होडी एकटी फोटोत बरी दिसत नाही. शेजारी लक्ष्मी उभी असली की शोभा येते."

"तू फोटूवाला का भटजी?" नाखवा म्हणाला.

आजूबाजूची माणसं हसली. मी पण हसलो. हसल्यावर माझं काम होतं असा माझा समज. म्हटलं, "नाही, म्हणजे मावशीची इच्छा आहे हो. आणि आता काय, परवा तोडणारच आहात ना?"

नाखवा हसला नाही. "तुझा बाप म्हातारा झाला, तवा तू त्याला अरे-तुरे करायला लागलास काय?"

"नाही."

"मंग. तुटंपर्यंत होरी ती होरी. बापाचा शबुद हाय. हिचा फोटू तकडं काढ, खोपीच्या दारात."

त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट झालं. राग असता तर मी अजून दोन विनोद करून बघितले असते. मी मावशीकडे बघितलं. वाटलं, ही बाजारात एका गिऱ्हाइकाला उभा-आडवा घेते, आता बोलेल. ती बोलली नाही. "ऱ्हाऊ दे बालू," एवढंच म्हणाली. वाळूवरची रिकामी पाटी उचलून कमरेवर घेतली आणि जाळी ठेवायच्या खोपीकडे चालायला लागली.

मी नाखवाचा फोटो काढला. टिचकी. पण डोळा माझा तिच्याकडे. ती वाळूतून चालत होती, नव्या लुगड्यात, आणि मागे वळून होडीकडे बघत नव्हती. मी तिच्या मागे गेलो. खोपीच्या अंधाऱ्या दारात ती उभी राहिली, अंगावर ऊन, मागे सगळा काळोख. "हस ना मावशी," मी म्हटलं. ती म्हणाली, "काढ गपचूप." टिचकी.

मग चक्री फिरवली आणि पाठीमागच्या लाल खिडकीतून आकडा बघितला. बारा. माझ्या हिशोबाने रोल संपायला हवा होता, पण बारावा फोटो अजून बाकी! शहाण्या माणसाला इथेच घाम फुटला असता. मी खूश झालो. म्हटलं, दोन काढले तरी एक फुकट मिळाला. आणि त्या फुकटच्या फोटोत मी काय काढलं? वाळूत झोपलेलं कुत्रं. मावशीला पुन्हा विचारावं, होडी एकटी काढावी, काही सुचलं नाही. कुत्रं.

सोमवारी होडी तोडली. मंगळवारी मावशी नेहमीसारखी बाजारात बसली. लाकडं गेली म्हणाली, बाकी काही नाही. पलीकडून ओरडली, "फोटू कवा?" मी ओरडलो, "रविवारी!"

माझी डार्करूम म्हणजे आमच्या चाळीतल्या खोलीची मोरी. खिडकीला गोधडी लावायची, लाल दिवा लावायचा, आणि बायकोने, म्हणजे कुंदाने, भांडी बाहेर न्यायची. ती मालवणची. दर रविवारी दुपारी दारावर थाप मारून विचारायची, "मोरी काय तुमच्या बापाशीची?" त्या रविवारीही विचारलं. रोल धुवून दिव्यासमोर धरला तर अकराव्या चौकटीत नुसता गोंधळ. होडीत नाखवा, नाखवात खोप, खोपीत पाटी. पुढच्या चौकटीत कुत्रं. काय कुत्रं आलं होतं! मिशा मोजून घ्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात झकास फोटो तो.

माझी वाट लागली होती. बाकी कुणाचा फोटो बिघडला की मी म्हणायचो, पुन्हा काढू, त्यात काय! पोर पुन्हा पाळण्यात घालता येतं. हे पुन्हा कुठून आणणार? होडी लाकडाच्या वखारीत. त्या बाईला होडीत उभं करतो म्हणालो होतो. ते तर जमलं नाहीच, वर तिचा आणि होडीचा जो एकेक फोटो मिळणार होता, तोही घालवला.

तरी कागदावर उतरवला. टाकवेना म्हणून दोरीला चिमट्याने लावून ठेवला आणि बाहेर जाऊन कट्ट्यावर बसलो.

थोड्या वेळाने कुंदा बाहेर आली. हात पुसत म्हणाली, "ती तुमची मावशी मा ती? चढली तर शेवटाक होडयेत!"

"कोण चढली?"

"फोटूत काय ता? आंधळे आसात?"

आत जाऊन बघितलं. मी रोल धुतो तेव्हा फक्त चूक बघतो. ती धंद्याची सवय. कुंदाने फोटो बघितला होता.

आता हे कसं होतं ते सांगतो, कारण मलाही तेव्हाच कळलं. एकावर एक फोटो पडले की पहिल्यात जिथे उजेड आहे तिथे दुसरा धड दिसत नाही. पण पहिल्यात जिथे काळं आहे, तिथे दुसरा स्वच्छ उमटतो. होडी डांबराने काळी. मावशीच्या मागे खोपीचा काळोख. दोन काळोख एकमेकांत मिसळून गेले होते, खोप दिसेनाशी झाली होती, आणि उजेडातली मावशी होडीच्या मधोमध उभी होती. नाखवाच्या शेजारी. कमरेवर पाटी, केसांत वेणी, न हसता. झाकणाच्या फटीतून ऊन गेलं होतं, त्याचा पांढरा पट्टा बरोबर त्या रिकाम्या काठीवर पडलेला. लांबून बघितलं तर शीड उभारलंय असं वाटावं.

मला आनंद झाला असं लिहावंसं वाटतं, पण आधी भीती वाटली. तिला देऊ? नाखवाने बघितलं तर? मेलेल्या बापाचा शब्द माझ्या डब्याने मोडला म्हणून तो कोयता घेऊन आला तर जिन्याखालून पळायला वाट एकच, आणि तिथे मी डोकं आपटणार हे नक्की. दोन दिवस मी "कागद ओला आहे" म्हणून टाळलं. तिसऱ्या दिवशी ती पाटी तशीच टाकून रस्ता ओलांडून आली. दिला.

तिने हात पदराला पुसले. पुन्हा पुसले. फोटो अगदी कडेने धरला. कितीतरी वेळ बघत होती. मागे मांजराने तिच्या पाटीतला बांगडा उचलला, मी बघितलं, पण सांगायचं धाडस झालं नाही. मग तिने फोटो पदराच्या गाठीत ठेवला आणि जाऊन बसली. त्या दिवशी भाव सांगताना तिचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी नाखवा आला. बाजारात मी त्याला कधी बघितलं नव्हतं. फोटो माझ्या टेबलावर ठेवला.

"हे तू केलंस?"

"मी नाही नाखवा, शप्पथ, डब्याने केलं. चक्री फिरवायची राहिली. माफ करा."

तो फोटोवर बोट ठेवून उभा राहिला. "हिला येवढी मोठी का केलीस? माझेपरीस उंच दिसते."

"जवळून काढला हो. जवळचं मोठं येतं."

"हूं." मग बोट खाली सरकवलं. मावशीचे पाय जिथे होते तिथे. मी हे बघितलंच नव्हतं. पाय फळीवर नव्हते. फळीच्या आरपार, अधांतरी, धुरकट. "पाय नाय लागला," नाखवा म्हणाला.

 आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर गप्प बसलो असेन.

"पाय लागला नाय," तो पुन्हा म्हणाला, माझ्याशी नाही, कुणाशी तरी. "बापाचा शबुद ऱ्हायला." फोटो उचलला, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "मोठा करून दे एक. नवे होरीत लावायचा हाय, देवाशेजारी."

मोठा फोटो मी अंधेरीच्या स्टुडिओतून करून आणला. तिथला माणूस म्हणाला, हे फुकट गेलेलं निगेटिव्ह आहे, मोठं कशाला करता? मी म्हटलं, नातेवाईक आहेत, समजून घेतील.

त्यानंतर मी बाजारात जाहीर केलं की अशी खास कला फक्त माझ्याकडे आहे. एका नवऱ्या मुलाने बायकोसोबत तसा फोटो मागितला. मी मुद्दाम, मोजूनमापून, दोन टिचक्या मारल्या. वधूला मिशी आली. तेव्हापासून मुद्दाम काही केलं नाही. पुढे रंगीत रोल आले, आपोआप चक्री फिरवणारे कॅमेरे आले, भाड्याला डबा न्यायला कुणी येईना. ते नवे कॅमेरे चांगलेच होते, वाईट कशाला म्हणू? पण ते चूक करूच द्यायचे नाहीत. माझ्यासारख्या माणसाने मग करायचं काय? जिन्याखालची जागा मी चावी बनवणाऱ्याला दिली. तो बुटका आहे, त्याला बरी पडते. शेवटचा डबा माझ्याकडे आहे अजून. दांडी सूर्यावर अडकलेली, ढगाकडे जात नाही.

जागा सोडायच्या दिवशी मथुरामावशीचा निरोप घ्यायला रस्ता ओलांडला. म्हटलं, जाता जाता जरा मोठेपणा घ्यावा. म्हणालो, "मावशी, काही म्हण, सासऱ्याच्या होडीत तुला चढवली ती मीच ना! दुसऱ्या कुणाला जमलं असतं?"

ती पापलेटचे खवले काढत होती. वर बघितलं नाही.

"गप रं बालू. तुला फोटू काढता येत असता, तर मी आजपन खोपीच्या दारातच उभी असती."